आधी दिवा, मग नाव, मग उत्तर : परकीय सायबर हल्ला आणि आपण



मी मूळचा साताऱ्याकडचा, पण नोकरीची सगळी वर्षं बडोद्याच्या आसपास गेली. विजेच्या क्षेत्रात होतो. आधी उपकेंद्रात, नंतर कंट्रोल रूममध्ये. मी लष्करातला नाही, परराष्ट्र खात्यातला नाही. गेलेली वीज परत कशी आणायची, एवढंच मला येतं. तरीही आजचा विषय मी मागून घेतला, त्याचं कारण माझ्या बहिणीचा एक फोन.

ती ठाण्यात राहते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, तुम्हाला आठवत असेल. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचे दिवस होते, रुग्णालयं जनरेटरवर गेली. काही तासांत वीज आली आणि लोक विसरले. पुढे मार्च २०२१ मध्ये बातम्या आल्या, तेव्हा तिने मला विचारलं, "दादा, त्या दिवशी आमची लाईट चीनने घालवली होती का रे?"

मला उत्तर देता आलं नाही. उभं आयुष्य विजेत घालवलेल्या माणसाला आपल्या बहिणीच्या या साध्या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणता आलं नाही. आणि मंडळी, आजही येत नाही. आजच्या बोलण्याची सुरुवात मला तिथूनच करायची आहे.

झालं काय होतं? फेब्रुवारी २०२१ च्या शेवटी रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंधित एका गटाने भारताच्या वीज यंत्रणेत, भार प्रेषण केंद्रांच्या संगणकांत शिरकाव केल्याच्या खुणा त्यात होत्या. मुंबईच्या घटनेशी त्याचा संबंध सिद्ध होत नाही, हेही त्यांनी लिहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले की राज्याच्या सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालानुसार घातपाताची शक्यता दिसते; यंत्रणेत १४ ट्रोजन हॉर्स सोडले गेले असावेत. त्याच्याही दुसऱ्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की वीज मानवी चुकीमुळे गेली. उत्तर आणि दक्षिण विभागाच्या भार प्रेषण केंद्रांवर हल्ल्याचे प्रयत्न झाले, पण ते मूळ चालक यंत्रणेपर्यंत पोचले नाहीत. चीनने सगळंच नाकारलं.

म्हणजे घटना एक आणि उत्तरं दोन. दोन्ही आपल्याच सरकारांची.

आता "परकीय सायबर हल्ल्याला देशाने कसं उत्तर द्यावं" असा विषय निघाला की चर्चा लगेच तिसऱ्या प्रश्नावर उडी मारते. आपणही त्यांचे संगणक का बंद पाडू नयेत? त्यांच्या वस्तूंवर बंदी का घालू नये? हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण ते तिसऱ्या क्रमांकाचे आहेत. पहिला प्रश्न असतो, दिवा परत कसा लावायचा. दुसरा, हे कुणी केलं आणि ते कशावरून. हा क्रम मोडला की देश फसतो. आज मी एवढंच सांगणार आहे, पण उदाहरणं देऊन सांगणार आहे.

पहिला प्रश्न घेऊ, दिव्याचा.

२३ डिसेंबर २०१५. युक्रेनमधल्या तीन वीज वितरण कंपन्या. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसांनी पाहिलं, पडद्यावरचा बाण आपोआप सरकतोय आणि एकामागून एक ब्रेकर उघडतोय. माऊस हातात असून चालेना. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली, तीही ऐन हिवाळ्यात. हल्लेखोरांनी आणखी एक गोष्ट केली. वीज कंपनीच्या तक्रार केंद्रावर खोट्या फोनचा भडिमार केला, म्हणजे खऱ्या ग्राहकाचा फोन लागूच नये.

तरीही वीज एक ते सहा तासांत परत आली. कशी? माणसं गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर बंद केले. आमच्या भाषेत ब्रेकर "बंद" म्हणजे वीज सुरू, हे जाता जाता सांगतो. तिथली यंत्रणा जुनी होती, हाताने चालवता येत होती, आणि मुख्य म्हणजे चालवणारी माणसं शिल्लक होती. जे जुनाट म्हणून हिणवलं जात होतं, त्यानेच त्या रात्री घरं उबदार ठेवली.

मी स्वतः कंट्रोल रूममध्ये नवा होतो, तेव्हा आमचे एक वरिष्ठ म्हणायचे, "पॅनेल काही म्हणू दे, यार्डातला माणूस काय म्हणतो ते आधी विचार. आणि काही करण्याआधी लॉगबुकात वेळ लिही." तेव्हा मला तो म्हाताऱ्या माणसाचा हेका वाटायचा. युक्रेनबद्दल वाचलं तेव्हा त्यांची आठवण झाली.

दुसरं उदाहरण आपल्या दारातलं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचं मालवेअर पसरलं. ते सोडलं गेलं होतं युक्रेनमध्ये, तिथे हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. पण संगणकाच्या जाळ्याला सीमा कुठे असते? मर्स्क ही डेन्मार्कची बोटींची कंपनी त्यात सापडली, आणि तिच्या समूहाकडे असलेलं न्हावा शेवाचं, म्हणजे आपल्या जेएनपीटीतलं एक टर्मिनल ठप्प झालं. भांडण रशिया-युक्रेनचं आणि कंटेनर अडकले उरणला! आग सोमेश्वरी असते, आणि धूर असा रामेश्वरी निघतो. मर्स्कच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं की त्यांनी दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे केले. तेवढे दिवस माणसांनी कागदावर, फोनवर जहाजं चालवली.

दिल्लीच्या एम्सची गोष्ट तर तुम्हाला माहीतच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्व्हर बंद पडले आणि देशाच्या एका मोठ्या रुग्णालयात कित्येक दिवस नोंदणीपासून तपासणीच्या अहवालापर्यंत सगळं हाताने लिहावं लागलं. तो हल्ला कुणी केला हा प्रश्न बाजूला ठेवू. खाटेवरच्या रुग्णाला त्या दिवशी कागदावर काम करू शकणारी परिचारिका हवी होती.

म्हणून देशाचं पहिलं उत्तर प्रत्यक्ष हल्ल्याच्या आधी कित्येक वर्षं लिहिलं जातं. माहितीच्या वेगळ्या ठेवलेल्या प्रती, हाताने काम करण्याचा सराव, वर्षातून एकदा मुद्दाम पडदे बंद करून चालवलेली शिफ्ट. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला हे जमत नाही. एस्टोनियाने २०१७ साली लक्झेंबर्गशी करार करून आपल्या महत्त्वाच्या सरकारी नोंदींच्या प्रती तिथे ठेवल्या. एखाद्या वकिलातीला असतं तसं संरक्षण त्या सर्व्हरना दिलं. शत्रूच्या हातून सगळं गेलं तरी देशाचा सातबारा शिल्लक राहावा, असा तो विचार.

एस्टोनियाने हे शहाणपण अनुभवातून मिळवलं. एप्रिल २००७ मध्ये राजधानी टालिनमधला सोव्हिएत काळातला सैनिकाचा पुतळा सरकारने शहराच्या मध्यातून हलवून लष्करी स्मशानभूमीत नेला. दंगली झाल्या आणि त्याच सुमाराला देशाच्या संकेतस्थळांवर हल्ले सुरू झाले. एकाच वेळी असंख्य संगणकांनी एकाच दारावर धडका मारायच्या, म्हणजे खऱ्या पाहुण्याला आत येता येऊ नये, असा तो प्रकार. बँका, वृत्तपत्रं, मंत्रालयं. तीन आठवडे हे चाललं. लोकसंख्या जेमतेम १३ लाख, पण बँकेचे जवळजवळ सगळे व्यवहार तेव्हाच इंटरनेटवर. त्यांनी परदेशातून येणारी वाहतूक तात्पुरती तोडली आणि देशांतर्गत सेवा जिवंत ठेवल्या.

मग प्रश्न आला, आता करायचं काय? एस्टोनिया नाटोचा सदस्य. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, असं नाटोचं कलम ५ सांगतं. पण संकेतस्थळ बंद पडणं म्हणजे सशस्त्र हल्ला का? कलम ५ लागू झालं नाही. रशियाने हात झटकले, तपासातही मदत नाकारली. शेवटी दंड झाला तो एस्टोनियातच राहणाऱ्या एका तरुणाला. जगाला पहिल्यांदा कळलं की यासाठीचे नियमच आपल्याकडे नाहीत. पुढच्या वर्षी टालिनलाच नाटोचं सायबर संरक्षण केंद्र सुरू झालं, आणि तिथे जमलेल्या कायदेपंडितांनी २०१३ मध्ये टालिन मॅन्युअल नावाचा ग्रंथ सिद्ध केला.

आता दुसरा प्रश्न. कुणी केलं?

बंदुकीची गोळी कुठून आली हे दिसतं. इथे हल्लेखोर पाचव्या देशातल्या चोरलेल्या संगणकावरून येतो आणि सहाव्याचं नाव मागे ठेवून जातो. फेब्रुवारी २०१८ मध्ये दक्षिण कोरियात प्याँगचांगला हिवाळी ऑलिम्पिक होतं. उद्घाटनाच्या वेळीच संगणक कोसळले. तपासणाऱ्यांना मालवेअरमध्ये उत्तर कोरियाच्या खुणा सापडल्या. दोन्ही कोरियांचं वैर जगजाहीर, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी होती. पण त्या खुणा मुद्दाम पेरलेल्या निघाल्या. पुढे २०२० मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याचा ठपका रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यावर ठेवला. कल्पना करा, त्या रात्री सोलने रागाच्या भरात उत्तर कोरियावर प्रतिहल्ला केला असता तर? साप समजून भुई धोपटणं एरवी हसण्यावारी नेता येतं. अण्वस्त्रधारी शेजाऱ्याच्या बाबतीत येत नाही.

म्हणून नाव घेण्याआधी वेळ लागतो आणि तो घेतला पाहिजे. नॉटपेट्याबद्दल अमेरिका आणि ब्रिटन यांनी रशियाचं नाव जाहीर केलं ते फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे साडेसात महिन्यांनी. रशियाच्या सहा अधिकाऱ्यांवर अमेरिकेने आरोपपत्र ठेवलं ते ऑक्टोबर २०२० मध्ये. उशीर झाला, पण नावं, हुद्दे, कृत्यं सगळं कागदावर आलं.

पण वेळ घेणं वेगळं आणि झाकून ठेवणं वेगळं. आपल्याकडे "झाकली मूठ सव्वा लाखाची" हे सुरक्षेचं तत्त्वज्ञान होऊन बसलंय. २९ ऑक्टोबर २०१९ ला कुडनकुलम अणुऊर्जा प्रकल्पाने निवेदन काढलं की प्रकल्पाच्या नियंत्रण यंत्रणेवर सायबर हल्ला शक्यच नाही. दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने मान्य केलं की प्रशासकीय जाळ्यातल्या एका संगणकात मालवेअर सापडलं होतं, आणि त्याची सूचना सर्ट-इनकडून ४ सप्टेंबरलाच आली होती. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही विधानं खरी असतील. नियंत्रण यंत्रणा वेगळी, प्रशासकीय जाळं वेगळं. पण ऐकणाऱ्या माणसाने यातलं काय धरून ठेवावं? हल्लेखोराला आत काय होतं ते आधीच ठाऊक असतं. मूठ झाकलेली असते ती फक्त आपल्याच लोकांपासून.

मला इथे एक सुचवायचं आहे. आपल्या देशात रेल्वेचा मोठा अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. कारण साधं आहे, ज्याचा रूळ त्यानेच त्याची चौकशी करू नये. सायबर हल्ल्यासाठीही तसंच काही का नसावं? आपल्याकडे २००४ पासून सर्ट-इन आहे, अत्यावश्यक यंत्रणांसाठी २०१४ पासून वेगळं राष्ट्रीय केंद्र आहे, २०२२ पासून घटना घडल्याचं कळताच सहा तासांत कळवण्याची सक्ती आहे. या संस्था काम करतात. पण त्यांना कळवलेलं लोकांना कळत नाही. वीज का गेली, याचा एक अहवाल ठरलेल्या मुदतीत, गुप्त भाग वगळून, आपापल्या भाषेत प्रसिद्ध झाला पाहिजे. केंद्र आणि राज्य यांची दोन उत्तरं असतील तर ती त्या अहवालात समोरासमोर यावीत.

हे झालं की तिसरा प्रश्न. उत्तर काय द्यायचं?

पायऱ्या बऱ्याच आहेत. जाहीर नाव घेणं, राजनैतिक अधिकाऱ्यांना परत पाठवणं, आर्थिक निर्बंध, फौजदारी खटले, त्यानंतर सायबर प्रतिकार, आणि अगदी शेवटी लष्कर. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम ५१ सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा हक्क देतं. धरण फोडून माणसं मारली तर तो हक्क आहे, याबद्दल फारसं दुमत नाही. पण बहुतेक सायबर हल्ले त्या रेषेच्या खालीच ठेवलेले असतात, तेही विचारपूर्वक.

अल्बानियाने २०२२ मध्ये यातली एक पायरी जगात पहिल्यांदा चढून दाखवली. जुलैमध्ये तिथल्या सरकारी सेवा कोसळल्या. आठ आठवडे तपास झाला, मग ७ सप्टेंबरला पंतप्रधान एडी रामा यांनी इराणचं नाव घेतलं, संबंध तोडले, आणि वकिलातीला २४ तासांत देश सोडायला सांगितलं. ठाम उत्तर होतं. पण दोन-तीन दिवसांतच त्यांच्या सीमेवरच्या नोंदणी यंत्रणेवर पुन्हा हल्ला झाला. तेव्हा तिसरी पायरी चढताना पहिलीवरचा पाय सुटता कामा नये.

आणि प्रतिहल्ला? "ठोशास ठोसा" ऐकायला बरं वाटतं. पण ठोसा परत आपल्या हातात असतो. हे हत्यार एकदा सुटलं की कुणाचंच राहत नाही. इराणच्या अणुप्रकल्पावर सोडलेलं स्टक्सनेट २०१० मध्ये उघडकीला आलं, तेव्हा सर्वाधिक बाधित देशांच्या यादीत इराण, इंडोनेशिया आणि मग भारत होता. नॉटपेट्या ज्या साधनावर स्वार होऊन पसरलं, ते मुळात अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतून चोरीला गेल्याचं मानलं जातं. म्हणजे एकाने घडवलं, दुसऱ्याने पळवलं, तिसऱ्याने चौथ्यावर फेकलं, आणि काम अडलं उरणच्या टर्मिनलवर.

माझं म्हणणं असं नाही की भारताने हात बांधून बसावं. क्षमता हवी, शेजाऱ्यांना ती आहे हे माहीतही असावं. पण ती वापरण्याचा निर्णय लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचा असावा, पुराव्यानंतरचा असावा, आणि झालेल्या इजेच्या मापाचा असावा. दुसऱ्याच्या रुग्णालयावर, पाण्यावर, विजेवर तो कधीच जाऊ नये. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने शांतताकाळासाठी जे नियम मांडले, त्यात हे आहे. ते बंधनकारक नाहीत. पण ज्याला आपलं घर काचेचं आहे हे माहीत आहे, त्यालाच हे नियम सगळ्यात जास्त हवे असतात.

एक गोष्ट आपल्याच माणसांची. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पण २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढणारी माणसं तिथली-तिथली होती. आपल्याकडे तर कोल्हापुरातसुद्धा. प्याँगयाँगला आपले पोलीस जाऊ शकत नव्हते, पण कोल्हापूरला जाऊ शकत होते. ते गेले, आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. परदेशी हल्ल्याला असंही एक उत्तर असतं. त्याची बातमी मोठी होत नाही.

आता तुम्ही हे इंदूरला ऐकत असाल, हैदराबादला, बेळगावला किंवा दिल्लीत. तुम्ही म्हणाल, आम्ही काय करायचं? वीज गेली तर पहिल्या तासात "अमक्या देशाने केलं" हा निरोप पुढे ढकलू नका. तुमच्या बँकेला, रुग्णालयाला, नगरपालिकेला विचारा, संगणक बंद पडले तर तुम्ही आठवडाभर काम कसं चालवणार? सहावा महिना उलटला की आमदार-खासदारांना विचारा, त्या घटनेचा अहवाल कुठे आहे? हे विचारणं देशविरोधी नाही. शत्रूला याची उत्तरं लागत नाहीत, आपल्याला लागतात.

बहिणीला मी शेवटी काय सांगितलं ते सांगतो आणि थांबतो. मी म्हटलं, "वाहिन्यांमध्ये बिघाड झाला होता, एवढं नक्की. कुणी केला का, ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी कळव्याला, पडघ्याला, ट्रॉम्बेला यार्डात उभ्या राहिलेल्या माणसांनी तुझी लाईट आणली, हेही नक्की."

ती म्हणाली, "ते ठीक आहे दादा. पण मला माझ्या प्रश्नाचं उत्तर हवंय."

तिला ते मिळायला हवं.